सलोखा सप्ताहाचा अहवाल, खर्डा दुसरा

पहिला खर्डा प्राचार्यांनी परत पाठवला.
"निष्पत्ती" या रकान्यात काहीच नाही म्हणाले.
मी कनिष्ठ लिपिक, रकाने भरण्याचाच पगार घेतो,
तरी पेन दोन दिवस टेबलावर आडवं पडून आहे.

सोमवार. उद्घाटन. उपस्थिती एकशे बारा,
पैकी चाळीस फक्त हजेरीपुरते.
चोपड्याच्या फ्लेक्सवाल्यानं कबुतर इतकं ताणलं
की बगळा वाटावा.
नाशिकचे पाहुणे पाऊण तास बोलले,
आणि मागच्या बाकांवर कुजबुज झाली की
बडगुजर सर माइकमध्ये ओरडायचे: शांतता! शांतता!
आठवडाभर तो शब्द सगळ्यात जास्त
असाच ऐकू आला.

मंगळवार. शपथ. सगळ्यांचे हात पुढे.
वाल्मीक बोरसेचा खिशात.
अल्तमश पिंजारी आलाच नव्हता.
(भाद्रपदातल्या मिरवणुकीत
वाल्मीकच्या मोटारसायकलचा आरसा फुटला होता.
एक आरसा. मग दोन गल्ल्या, एक पोलीस गाडी,
आणि कँटीनमधली टेबलं आपोआप वेगळी झालेली.
हे अहवालात घेऊ नये, असं तोंडी सांगितलं गेलंय.)

बुधवार. एकमेकांचे पोशाख.
एका मुलीनं पावरा साज घातला, भाड्याचा, पत्र्याचा.
सूत्रसंचालकानं पहिल्या रांगेतल्या रेवली पावराला विचारलं,
"कसं वाटतंय पाहून?"
ती म्हणाली, "माझ्या काकीचा असाच होता. चांदीचा.
सेंधव्याला गहाण आहे."
टाळ्या वाजायला जरा उशीर झाला.

गुरुवार. प्रश्नमंजूषा. लाइट गेली.

शुक्रवारचं भरीत अंदाजपत्रकात नव्हतं.
हिरवी वांगी आली, तेलाचा डबा आला,
लाकडी बडगी मागितली ती कुणाच्या तरी मामाकडून,
आणि भाजायला बसले तर पऱ्हाट्या अर्ध्यात संपल्या.
कुणीतरी म्हणालं, गॅसवर भाजू.
त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं
की सप्ताहातला पहिला ठराव
एकमतानं मंजूर झाला.

लासूर रस्त्याला रेवलीच्या ओळखीचं शेत,
वेचणी झालेलं.
गाडी त्या वेळी एकच होती, वाल्मीकची.
भारा धरायला लांब हाताचा माणूस हवा,
आणि लांब हात एकाचेच होते.
कुणी कुणाला काही म्हणालं नाही.
रेवलीनं सुतळी पुढे केली. अल्तमशनं घेतली.

मी मागून स्कूटीवर, मिठाची पिशवी पायात ठेवून.
येताना भारा कॅरिअरवर आडवा बांधलेला,
आणि तो सांभाळायला अल्तमश उलटा बसलेला,
तोंड माझ्याकडे,
वाल्मीकच्या पाठीला पाठ लावून.
पऱ्हाट्यांची टोकं त्याच्या गालाला खाजवत होती.
दोन किलोमीटर कुणी बोललं नाही.
पुलाअलीकडे तो माझ्या डोक्यावरून लांब बघत म्हणाला,
मान न वळवता:
"मांगून टँकर ई ऱ्हायना. बाजूले ले."
वाल्मीकनं गाडी कडेला घेतली.
टँकर गेला. धूळ बसली.
"अजून एक शे. थांब."
तो थांबला.
"हं. चाल आते."

वांगी फुटली, सालं निघाली, बडगीत दणके बसले.
फोटोग्राफर म्हणाला, दोघं खांद्यावर हात टाका ना.
दोघांनीही टाकला नाही.
धुरानं डोळे सगळ्यांचेच लाल होते,
त्याचा वेगळा अर्थ काढू नये.
मीठ कमी पडलं तेव्हा पिशवी हातोहात गेली,
एवढंच मी पाहिलं.

शनिवारी समारोपाला दोघंही नव्हते.

खर्च लिहितो:
पऱ्हाट्या, भारा एक. वाहतूक निरंक.
निष्पत्तीच्या रकान्यापाशी येतो आणि उठतो,
पाणी पिऊन येतो म्हणून.

वाटेत सायकल स्टँड लागतो.
ती मोटारसायकल तिथंच असते.
आरसा
अजून बसवलेला नाही.